चौकचं घासलेट आणि कर्णिक मास्तर

कर्णिक मास्तर रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. कर्जतच्या आमच्या शाळेत मी मराठी-संस्कृत शिकवत होतो आणि ते रसायन. दोन वर्गांच्या मध्ये फक्त फळ्यांची भिंत. पलीकडून त्यांचा आवाज येत असला की मी निर्धास्त असे. आवाज येईनासा झाला की समजावं, आत कुणाची तरी धडगत नाही. आणि हे दिवसाआड व्हायचं.

माणूस अलिबागकडचा. मुंबईत शिकलेला, पुढे शिवडीला एका तेल कंपनीच्या गोदामात तपासनीस होता. ती नोकरी का सोडली हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भांडण झालं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. बुटकी, काटक मूर्ती. काळ्या टोपीच्या कडेला अ‍ॅसिडने पडलेलं भोक. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती नाकाशी न्यायची, मग बघायची. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी आमटीची वाटी अशी हुंगली की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

दोन शब्दांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. एक 'आपोआप' आणि दुसरा 'नशीब'. एकदा थंडीत डबा खाताना मी सहज म्हणालो, "तूप बघा कसं आपोआप थिजलं."

त्यांनी घास खाली ठेवला. "आपोआप काही होत नाही, जोशी. तुपातल्या कणांनी एकमेकांना धरलं, म्हणून ते थिजलं. त्यांना सोडवायला ऊब लागते. ती आज नाही. यात आपोआप काय आहे?"

मी थिजलेलं तूप मुकाट्याने भाकरीला लावलं.

तेल हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पेट्रोल, घासलेट आणि मेणबत्तीचं मेण, तिन्ही टेबलावर मांडून ते मुलांना विचारत, "यांत फरक काय?" मुलं म्हणत, एक पाण्यासारखं, एक तेलासारखं, एक दगडासारखं. "आणि आत काय आहे?" मुलं पुन्हा वाकून बघत. "आत दोनच गोष्टी. कार्बन आणि हायड्रोजन. तिन्हींत त्याच. मग एक उघड्यावर उडून जातं आणि एक चाकूने कापावं लागतं, ते का?"

याचं उत्तर ते मैदानात देत. मुलांना हात धरून रांगेत उभं करायचे. प्रत्येक मुलगा म्हणजे कार्बनचा एक अणू. सहा-सात मुलांची साखळी म्हणजे पेट्रोल, बारा-चौदांची म्हणजे घासलेट, वीस-पंचवीस झाली की मेण. मग दोन लांब साखळ्या एकमेकींना खेटून उभ्या करायच्या आणि एकीला बाजूला ओढायला सांगायचं. ओढवत नसे. सगळ्या लांबीभर अंगाला अंग लागलेलं. आखूड साखळ्या मात्र एका हिसक्यात सुटायच्या. "कळलं? लांब साखळ्या एकमेकींना सोडत नाहीत, म्हणून मेण घट्ट. आखूड सुटतात आणि हवेत निघून जातात, म्हणून पेट्रोल उडतं. त्याची वाफ हवेत असते, म्हणून दुरून काडी दाखवली तरी पेटतं."

मग ते टोकाच्या दोन मुलांना काढून मधल्या मुलांच्या कमरेला धरायला लावत. साखळीला फांद्या फुटत. मुलं तितकीच, पण आता दोन रांगा खेटून उभ्या राहूच शकत नसत. फांद्या मध्ये येत. "अणू तेवढेच, वजन तेवढंच. नुसती उभं राहायची रीत बदलली, तर हे तेल आधी उकळतं. सैल बोलू नका, सैल लिहू नका. रचना बघा."

या खेळावरूनच पहिला बखेडा झाला. महारवाड्यातला गणपत नावाचा हुशार मुलगा आमच्या शाळेत होता. तो वर्गाबाहेर ओसरीवर बसून शिके. तशी पद्धत होती आणि ती कुणाला खटकत नव्हती, मलासुद्धा. मास्तरांना मेण करायला एक मुलगा कमी पडला. त्यांनी गणपतला हाक मारली आणि रांगेच्या बरोबर मध्ये उभं केलं. शेजारच्या मुलाने खिशातून रुमाल काढला, हातावर गुंडाळला आणि मग गणपतचा हात धरला.

मास्तर तिथे गेले. रुमाल उपसून काढला आणि म्हणाले, "इथे साखळी तुटली आहे. मला मेण हवंय, तू पेट्रोल केलंस." आवाज इतका खाली की मागच्या मुलांना ऐकूही गेलं नाही. मुलाने नुसता हात पुढे केला. गणपतने तो धरला.

दुसऱ्या दिवशी पालक आले. हेडमास्तरांनी कर्णिकांना बोलावून घेतलं. मी तिथेच हजेरीपत्रक भरत होतो.

"कर्णिक, मुलांनी हातच धरायला पाहिजेत का? काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवता येणार नाही का?"

"काड्या एकमेकींना ओढत नाहीत."

"पण कमिटीचं म्हणणं आहे..."

"कमिटीला सांगा, कार्बन शेजाऱ्याची जात विचारत नाही. विचारत असता तर जगात मेण झालं नसतं, तूप झालं नसतं आणि कमिटीही झाली नसती."

शाळेच्या कमिटीचे उपाध्यक्ष होते आबासाहेब. त्यांची कर्जतला पेढी, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चौक गावात मोठं दुकान. त्यांनी त्या वेळी काही केलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

पुढचं सगळं सुरू झालं ते धोंडू पाटलामुळे. धोंडू पोशीरचा शेतकरी, आमच्या घरी तांदूळ घालायचा. एका सकाळी तो रिकाम्या हाताने आला आणि पायरीवर बसून राहिला. त्याची मुलगी जानकी लोधिवलीला दिलेली. तिन्हीसांजेला घासलेटची चिमणी लावताना भडका झाला. जानकीचे हात आणि मान भाजली. मांडीवर तिची लहान मुलगी होती, ती गेली.

"सासरची मान्सं काय म्हन्त्यात?" माझ्या बायकोने विचारलं. ती त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायची.

"काय म्हननार बाय. पदर लागला म्हन्त्यात. पोर मांडीवर घेऊन कोन चिमनी लावतं म्हन्त्यात. हिनंच पोर मारली असं बोलत्यात. हितं आनून टाकली आमच्याकडं. ती सांगतीय तिचं काय चुकलं नाय, पर कोन आयकतं."

कर्णिक मास्तर शेजारच्याच खोलीत राहत. आमची भिंत तिथेही पातळ होती. ते बाहेर आले. "पोशीरला आहे? चला."

शाळेला त्या दिवशी आम्ही दोघांनी दांडी मारली. मी केवळ सोबत म्हणून गेलो. जानकी पडवीत बसली होती, दोन्ही हातांना फडकी. वय असेल वीसेक. मास्तरांनी तिची विचारपूस केली नाही, सांत्वन केलं नाही. समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मला एकच सांग. काडी वातीला लागली आणि मग भडका झाला, की आधीच?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "आदी. काडी लागलीच नव्हती."

"किती दूर होती? दाखव."

तिने फडक्यातला हात उचलून हवेत अंतर दाखवलं. टीचभर होतं.

"भडका वातीतून आला की हवेतून?"

"हवेतनं. समदी हवाच पेटली. मी सांगते तर हसत्यात. म्हन्त्यात, हवा कुटं पेटती व्हय गं."

"पेटते," मास्तर म्हणाले. ते मला जेमतेम ऐकू आलं.

तिथून आम्ही लोधिवली गाठली. सासरच्या घरी कोपऱ्यात घासलेटची बाटली तशीच होती, तोंडाला चिंधीचा बोळा. मास्तरांनी बोळा काढला आणि बाटली नाकाशी नेली. "हे घासलेट नाही," ते म्हणाले, "घासलेटात पेट्रोल आहे. कुठून आणलं?"

"चौकातनं. आबासायबांच्या दुकानातनं," जानकीचा सासरा म्हणाला. "सवस्तात मिळतं."

त्यात गुपित असं काही नव्हतं. मुंबई-पुणे रस्त्यावर लॉऱ्या चालू झाल्या होत्या, चौकात थांबत. ड्रायव्हर मालकाच्या टाकीतलं पेट्रोल काढून मिळेल त्या भावाने विकत. ते चोरीचं पेट्रोल कुठे जातं, हे सगळ्या चौकाला ठाऊक होतं. त्याने काय होतं, हे ठाऊक करून घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मला घेऊन मास्तर चौकला गेले. बरोबर दोन वाट्या, कर्जत स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानातलं घासलेट आणि काड्यापेटी. आबासाहेबांच्या दुकानासमोर रस्त्यातच मांडी घालून बसले. माणसं जमली. आबासाहेब स्वतः गादीवर होते. मास्तरांनी त्यांच्याच डब्यातलं तेल विकत घेऊन एका वाटीत ओतलं आणि कर्जतचं दुसऱ्या वाटीत.

"हे कर्जतचं," ते म्हणाले आणि पेटती काडी वाटीत टाकली. काडी विझली. पाण्यात टाकल्यासारखी. लोक पुढे सरकले. "चांगल्या घासलेटाची वाफ अशा उन्हाला उठत नाही. त्याला वात लागते, ऊब लागते. आता हे चौकचं."

काडी वाटीपासून चांगली टीचभर वर होती. भप्प झालं. पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर गेली. मास्तरांच्या भुवईचे केस जळाले. ते जागचे हलले नाहीत.

"यात आखूड जातीचं तेल मिसळलंय. ते वर उडून हवेत बसतं आणि काडीची वाट बघतं. घरात बाई दिवा लावायला वाकते, तेव्हा ती त्या वाफेत वाकलेली असते. लोधिवलीच्या बाईचा पदर पेटला नाही. हवा पेटली. ती खरं सांगत होती."

आबासाहेब उठून पायरीवर आले. चेहरा शांत. "मास्तर, तुम्ही शाळा चालवा. दुकान मला चालवू द्या."

"दुकान चालवा. माणसं जाळू नका."

"जळायला दुकानात कोण जळलं? घरी नेऊन बायका काय करतात, ते मी बघायला जातो का?"

गर्दीतल्या एका म्हातारीने हातातली बाटली तिथेच रस्त्यावर उपडी केली आणि निघून गेली. आणखी दोघी-तिघींनी तेच केलं. बाकीच्यांनी बाटल्या पदराखाली घेतल्या. स्वस्त तेल ओतून टाकणं सगळ्यांना परवडत नाही.

चौकची हकिकत जानकीच्या आधी तिच्या नवऱ्याच्या कानी गेली. तिला ती सांगायला आम्ही पोशीरला पोचलो तेव्हा तो अंगणात उभा होता. तिला न्यायला आला होता. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी खुलला होता. माझ्या आठवणीत एवढाच एकदा.

"चल घरी," नवरा म्हणाला. "तुजी चूक नव्हती म्हन्त्यात."

"कोन म्हन्तं?"

"मास्तर म्हन्त्यात. समद्यांनी बगितलं चौकात."

जानकी पडवीतून उठली नाही. "मी म्हनत व्हते, तवा तुमाला पटलं नाय. माज्या हाताची कातडी गेली ती दिसत व्हती, तरी नाय पटलं. वाटी पेटली तवा पटलं व्हय?"

नवऱ्याने मास्तरांकडे पाहिलं, त्यांनी काही बोलावं म्हणून. ती सासरी गेली नाही. धोंडूनेही तिला लोटलं नाही.

मास्तरांनी फिर्याद केली. लोधिवली खालापूर तालुक्यात, तेव्हा खटला खालापूरच्या कचेरीत, मामलेदारांपुढे. फौजदाराने लोधिवलीची ती बाटली पुरावा म्हणून ताब्यात घेतली. मास्तरांनी त्याला बजावलं होतं, काचेचं बूच लावा, वरून मेण ओता, थंड जागी ठेवा. शिपायाने कागदाचा बोळा कोंबला आणि बाटली पत्र्याखालच्या फळीवर ठेवली.

तारखा पडत गेल्या. एकदा वकील आजारी, एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा नुसतंच 'पुढची तारीख'. उन्हाळा सुरू झाला. मास्तर प्रत्येक तारखेला कर्जतहून जात आणि दर वेळी बाटली बघायला मागत. मुद्देमाल दाखवता येत नाही, म्हणून सांगत. एकदा फळीवरची बाटली त्यांना दारातून दिसली. त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"बोटभर खाली गेलंय," ते म्हणाले.

"काय?"

"तेल. जोशी, कोण उडालं असेल त्यातून? घासलेट नाही उडणार. त्याच्या साखळ्या लांब, ते बसून राहील. आखूड तेवढं निघून गेलं. रोज निघून जातंय, त्या कागदाच्या बोळ्यातून. आबासाहेबांना काही करायची गरज नाही. नुसतं थांबायचं आहे. पुरावा आपल्या पायांनी चालत बाहेर जातोय आणि कचेरी त्याला दार उघडून देतेय."

त्यांनी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. मला आजही त्या कागदाच्या बोळ्याचा संताप येतो. लबाडी करायला बुद्धी तरी लागते. तिथे नुसता आळस पुरला.

अखेर बाटली मुंबईला तपासणीला गेली आणि अहवाल आला की तेल दिव्यात वापरण्यास योग्य आहे.

शेवटच्या तारखेला मीही गेलो होतो. आबासाहेबांच्या वकिलाने मास्तरांना उभं केलं. "सरकारी तपासनीस म्हणतात तेल चांगलं आहे. तुम्ही म्हणता वाईट?"

"आज चांगलं आहे. त्या दिवशी वाईट होतं."

कचेरीत हशा पिकला. वकिलाने तो ओसरू दिला. "म्हणजे मास्तर, फळीवर बसल्या बसल्या तेल आपोआप सुधारलं?"

मला वाटलं, आता हा माणूस कठड्यावरून उडी मारणार. पण ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"आपोआप नाही. तुम्ही त्याला सुधारायला वेळ दिलात."

मग त्यांनी मामलेदारांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आखूड साखळ्या, लांब साखळ्या, कोण आधी उडतं, मागे काय उरतं, उरलेलं तेल का चांगलं ठरतं. नीट, मुद्देसूद, शाळेत सांगत तसं. मामलेदार कंटाळले नव्हते. त्यांना बहुधा कळतही होतं. पण समोर अहवाल होता. जानकीला दोनच प्रश्न विचारले गेले. तिने सांगितलेलं लिहून घेतलं. फिर्याद निकालात निघाली. आबासाहेब मोटारीत बसून गेले.

शाळेचा हुकूम आदल्याच दिवशी आला होता. कमिटीच्या सन्माननीय सभासदाची बदनामी, गैरहजेरी, बेशिस्त. कर्णिकांना काढून टाकलं होतं. हेडमास्तरांनी सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही.

कचेरीसमोरच्या झाडाखाली आम्ही थांबलो. धोंडू पाणी आणायला गेला. मास्तर बोलतच होते, माझ्याशी की झाडाशी कोण जाणे. अपील करू, मुंबईच्या तपासनीसाला भेटू, नवं तेल मिळवू, या वेळी काचेचं बूच. जानकी थोडी दूर बसली होती. तिचे हात बरे झाले होते, पण बोटं पुरती मिटत नव्हती. ती उठून आली.

"मास्तर, एक बोलू?"

"बोल."

"सकाळपासनं तुमी तेलाचं बोललात. वकील बी तेलाचंच बोलला. सायेब बी. हलकं तेल, जड तेल, बाटली, बूच. माज्या पोरीचं नाव आत कुनी घेतलं नाय."

मी मास्तरांकडे पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं की मलाही ते ठाऊक नव्हतं. इतके महिने आम्ही सगळे 'ती मुलगी', 'ती पोर' म्हणत आलो होतो.

"काय नाव तिचं?" त्यांनी विचारलं.

"चंपी. चंपा ठेवलं व्हतं, पर चंपी म्हनायचो."

"मला माहीत नव्हतं."

"तुमी इचारलंच नाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. धोंडू आला, तिने त्याच्या हातातला तांब्या घेतला, दोन घोट पाणी प्याली आणि बापाबरोबर पोशीरच्या वाटेला लागली.

ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हणालो, "चला कर्णिक, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे."

त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत. खोलीतलं सामान एका गाडीवानाकरवी त्यांनी मागवून घेतलं. खोपोलीच्या एका कारखान्यात लागल्याचं कुणी सांगितलं, कुणी म्हणालं गुजरातेत गेले. मला आठवतं ते चार पावलं जाऊन मागे पाहिलं तेव्हाचं. कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. पायरीवर शिपाई हात आडवा करून उभा होता आणि कर्णिक मास्तर त्याच्या हाताखालून आत शिरू बघत होते.

"साहेब उठले," शिपाई म्हणत होता. "खटला संपला. आता काय राहिलंय?"

"नाव राहिलंय," मास्तर म्हणाले. "कागदात एक नाव लिहायचं राहिलंय. हात काढ."